निशाणापाशी उभे राहणारे

दाम्फू, चिरांग
८ ऑक्टोबर

ती. दिदीच्या चरणी धाकट्या टंकनाथाचा दंडवत. भिनाजूंना नमस्कार, आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

प्रथम तक्रार. ती नोंदवल्याशिवाय पुढचं लिहिणं मला धर्मदृष्ट्या अशक्य आहे. गेल्या महिन्यात पर्थहून तू जे पार्सल पाठवलंस त्यात, सुगमचे बूट आणि बदामांची तीन पाकिटं यांच्या मधोमध, विजेवर चालणारं एक नळकांडं होतं. खोक्यावरचं चित्र पाहून कळलं की ते नाकातले केस कापायचं यंत्र आहे. दिदी, मी आठ वर्षं पाठशाळेत आणि चार वर्षं काशीत घासली. शेंडी किती बोटं असावी, नखं कोणत्या वारी काढू नयेत, श्मश्रू कोणत्या तिथीला वर्ज्य, हे सारं मला पाठ आहे; पण नासिकेच्या अंतर्भागाबद्दल एकाही ऋषीनं चकार शब्द काढलेला नाही. ऋषींना तो प्रदेश नव्हता असं नाही. त्यांना मोठ्या बहिणी नव्हत्या, एवढंच. परवा शाळेच्या ग्रंथालयात, कुणी नाही असं पाहून, ते चालवलं, तर कपाटामागून नववीतल्या दोन मुली ‘मधमाशी, मधमाशी’ करत पळाल्या. ग्रंथपाल म्हणून माझी जी काही अब्रू शिल्लक होती ती त्यांच्याबरोबर गेली.

बाकी क्षेम आहे. संत्री यंदा बरी धरलीत. छपराचा पत्रा बदलला. पुढच्या आठवड्यात दसैं, तेव्हा टिळा लावून घ्यायला वरच्या आळीतली पंधरा-वीस माणसं येतील. सेलरोट्या शेजारची वहिनी तळून देते म्हणाली आहे.

तू फोनवर तीनदा विचारलंस की सुगमचा पोलिसांकडचा सुरक्षा दाखला निघाला का. मी तीनदा ‘होतंय’ म्हणालो. सोळा पूर्ण झाले म्हणून दाखला हवा, दाखल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर डिसेंबरात परीक्षा आटोपून तो तुमच्याकडे येणार नाही, हे मला कळतं. दाखला निघालेला नाही. मी अर्जच दिलेला नाही. भरलेला अर्ज माझ्या पेटीत, पंचांगाखाली आहे. का, ते लिहिण्यासाठीच हे पत्र आहे. फोन असताना पत्र का, तेही लिहितो. निरौलांची सून गुरुवारी पर्थला निघते आहे, तिच्या हाती देईन.

आधी चांगलं लिहितो. कारण चांगलं खरोखर आहे, आणि ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही.

तू मुलगा माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हा मी म्हणालो होतो, ‘दिदी, आपल्यात मामानं भाच्याच्या पाया पडायचं, त्याला अहोजाहो करायचं, त्याला वाकडा शब्द बोलला तर सात जन्मांचं पाप. देव सांभाळायला दे, हरकत नाही. पण देवाला अभ्यासाला बसवायचं कसं?’ तू हसलीस. तुला विमान गाठायचं होतं.

तर पहिलं वर्षभर हा देव कुणाबरोबर फिरायचा, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. उग्येन आणि आणखी दोघे. चौघांचेही आईबाप तिकडे. बाजारात त्यांना ‘पार्सलवाले’ म्हणत. एकसारखे बूट, एकसारखे फोन, आणि दुपारी दोनला एकसारखे तांबडे डोळे. उग्येन त्यांचा पुढारी. तो आत्याकडे राहायचा. हसरा, बोलका, दारात आला की आधी मला वाकून नमस्कार करायचा. मला तो आवडायचा, हेही लिहून ठेवतो.

गेल्या कार्तिकात एका रविवारी हे चौघे वरच्या मैदानाजवळून चालले होते. तिथे आप चेंचो पोरांना खुरू शिकवतात. तू त्यांना पाहिलंयस, फौजेतून निवृत्त झालेले, एका कानानं बहिरे, आणि सामन्यात तोच कान निशाणाकडे करून उभे राहणारे. भिनाजू तुझ्याशी लग्न व्हायच्या आधी हाच खेळ खेळायचे; खिळ्याचा तो लाकडी बाण तीस पावलांवरून वीतभर फळीवर हातानं मारायचा, आणि भिनाजूंचा फळी सोडून सगळ्याला लागायचा. त्या दिवशी आप चेंचोंना एक गडी कमी पडत होता. त्यांनी हाक मारली, “ए पार्सल! हात आहेत का, की तेही आईनं बरोबर नेले?”

सुगम गेला. फेकला. लागला आप चेंचोंच्या चहाच्या थर्मासला. सगळं मैदान हसलं, उग्येन सर्वांत मोठ्यानं. आणि त्याच्याबरोबर सुगमही.

“थर्मास माफ,” आप चेंचो म्हणाले. “पण तू स्वतःवर त्यांच्याबरोबर हसलास, ते माफ नाही. हसणं त्यांचं काम. तुझं काम फेकणं. पुढच्या रविवारी ये.”

तो गेला. का गेला ते त्यालाही सांगता येत नाही. मला वाटतं, वर्षभरात त्याला कुणी ‘हे माफ नाही’ असं म्हटलंच नव्हतं. मी तर नाहीच.

आप चेंचोंची शिकवण्याची पद्धत अशी की पहिला महिना नेम शिकवायचाच नाही. पोराला रेषेवर उभं करायचं आणि बाकीच्या साऱ्यांना निशाणापाशी पाठवून त्याच्यावर सोडायचं. सामन्यात ते होतंच. समोरचे निशाणाला खेटून उभे राहतात, नाचतात, वाटेल ते बोलतात, थेट फळीपुढे छाती काढून थांबतात आणि बाण सुटता सुटता बाजूला उडी मारतात. मग ते आधीच का ऐकून घेऊ नये? “हा बामणाचा हात! याच्यानं फक्त अक्षता पडतात!” “अरे, निशाण इकडे आहे, पर्थ तिकडे!” “आई पळाली, बाणही पळाला!” हे शेवटचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं बाण खाली टाकला आणि घरी आला. जेवला नाही. दुसऱ्या रविवारी परत गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं फेकला. लागला नाही, पण फेकला.

एकदा आप चेंचोंनी मलाही बोलावलं. म्हणाले, “पंडित, तुमच्या भाच्याला शिव्या द्या. परक्यांच्या त्याला आता बाधत नाहीत.” मी भाच्याला शिव्या देणार? शेवटी पळवाट म्हणून संस्कृतात दिल्या: हे शिथिलमुष्टे, हे काकदृष्टे, हे आलस्यमहोदधे! सुगम रेषेवर मान खाली घालून उभा. आप चेंचो म्हणाले, “पंडित, हे राहू द्या. पोराला आशीर्वाद वाटतोय, आता पाया पडेल.”

फाल्गुनात त्याचा पहिला बाण फळीत रुतला. संघातल्या सगळ्यांनी फेर धरला, गाणं म्हटलं, आणि आप चेंचोंनी त्याच्या कमरपट्ट्यात पिवळा रुमाल खोचला. तो रुमाल तीन दिवस कमरेवरून निघाला नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. ग्रंथालयात घो घालून, त्या अंगरख्याच्या पट्ट्यात रुमाल तसाच ठेवून यायचा आणि काही कारण नसताना माझ्या टेबलापुढून दोनदा जायचा. मी पाहिलं नाही असं दाखवलं. पाहण्यात आणि न पाहण्यात मी पूर्वीपासून निष्णात आहे. तेच आता सांगतो.

त्या फाल्गुनातच एका संध्याकाळी तो ओसरीवर बसून खुरूच्या शेपटीला पिसं बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “मामा, गेल्या वर्षी माझा घो धुतलास तेव्हा खिशात गोळ्या होत्या ना?”

मी म्हणालो, “कोणत्या गोळ्या?”

“निळ्या. अर्धी पट्टी. तू घो वाळवलास, इस्त्री केलीस, आणि पट्टी परत खिशात ठेवलीस. सरळ करून.”

दिदी, ते खरं आहे. मी ग्रंथपाल आहे, आंधळा नाही. सरहद्दीपलीकडून कोणत्या गोळ्या येतात आणि पोरं त्यांचं काय करतात हे दाम्फूत कुत्र्यालाही माहीत आहे. ती पट्टी हातात घेऊन मी न्हाणीघरात किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग स्वतःला सांगितलं, भाच्याच्या खिशात काय आहे हे मामानं विचारायची आपल्यात रीत नाही. रीत अशी ऐन वेळी फार उपयोगी पडते. मी ती परत ठेवली, आणि त्याच संध्याकाळी फोनवर तुला म्हणालो, ‘छान आहे, हल्ली जेवतोही बरा.’

“आधी वाटलं, मामाला चालतंय,” सुगम म्हणाला. “मग वाटलं, मामाला मीच चालत नाही, म्हणून तो बघत नाही.”

मी खाली सांडलेली पिसं गोळा करून त्याच्यापुढे ठेवली. बारा वर्षांचं अध्ययन तेवढ्याच कामाला आलं.

त्यानं पुढचं स्वतःच सांगितलं. पाच-सहा महिने घेतल्या. एकट्यानं कधीच नाही. चौघे मिळून, शाळेमागच्या उतारावर. आवडायचं का, तर तसं नाही, पण उग्येन पट्टी पुढे करायचा आणि बाकीचे बघत राहायचे, आणि ‘नको’ म्हटलं तर मग दुपार कुठे काढायची? खुरू सुरू झाल्यावर मात्र पंचाईत झाली. गोळी घेतली की बाण भलतीकडे. “हात माझा राहत नाही रे मामा.” म्हणून आधी शनिवारी सोडली; उद्या खेळ आहे, असं कारण सांगून. मग शुक्रवारी. ते तिघे चिडवायचे. “साधू झाला!” “आप चेंचोचा कुत्रा!” “घे रे, एकानं काय होतंय, का मामाला विचारायचंय?” तो म्हणाला, “ते बोलायचे आणि मला वाटायचं, हे तर मैदानावर याहून बरं बोलतात.” कारणं सांगता सांगता एक दिवस कारण न सांगताच नाही म्हणाला. त्या दिवसापासून दुपार मैदानावर.

हे चांगलं आहे ना, दिदी? मला तर इतकं चांगलं वाटलं की मी तुला त्यातलं काहीच सांगितलं नाही. मूळ रोग सांगितला नव्हता. गुण आला म्हणून कसं सांगणार?

*

चहा करून आलो. चार वाजलेत. आता पुढचं.

पावसाळा संपल्याच्या सुटीचा दिवस, २३ सप्टेंबर. सगळं गाव नाहूनधुऊन मैदानात. वरचा बाजार विरुद्ध खालचा बाजार, पोरांचा सामना. सुगम आमच्याकडून. खालच्या बाजाराच्या बाजूनं निशाणापाशी ओरडायला उग्येन आणि ते दोघे. शेवटची फेरी. सुगमचा एक बाण शिल्लक, लागला तर आपण जिंकतो. त्याच्या कमरेला तोवर चार रुमाल.

उग्येन ओरडत होता. गोळ्यांचंही ओरडला, सगळ्या गावादेखत. “अरे, एक निळी देऊ का? नेम सरळ होईल! पूर्वी मागून घ्यायचास की!” लोक हसले, सामन्यात काय खरं नि काय खोटं, कुणी धरत नाही. मी मात्र जमिनीकडे पाहिलं. सुगमनं नाही. तो रेषेवर हात वर करून उभा होता आणि त्याचा खांदा एका केसानंही हलला नाही. मला इतका अभिमान वाटला, की त्याची आता लाज वाटते.

मग उग्येन फळीपुढे येऊन उभा राहिला. हात पसरून. “फेक!” तेही नेहमीचंच. लोकांनी टाळ्या धरल्या, “फेक! फेक!” आमच्या बाजूचेही ओरडायला लागले. सुगमनं हात मागे नेला. आणि खाली घेतला.

“मी नाही फेकत.”

फेक वाया धरली. एका गुणानं हरलो. पुढचा अर्धा तास आमच्याच लोकांनी त्याला जे ऐकवलं ते निशाणापाशीही कुणी बोललं नसतं. “भित्रा!” “आईसारखाच, ऐन वेळी पळणारा!” आप चेंचो एवढंच म्हणाले, “पाणी पी.” तो पाणी न पिता सरळ निशाणाकडे गेला, उग्येनचा दंड धरला आणि त्याला बाजूच्या झाडाखाली नेऊन बसवलं. उग्येननं हसत हसत त्याला एक ठोसा लगावला. नीट बसलाही नाही तो ठोसा.

घरी आल्यावर मी विचारलं, “भाचेबुवा, असं का केलंत? तो उडी मारणारच होता.”

“नव्हता मारणार. त्याचे डोळे बघितले मी. ते डोळे मला माहीत आहेत.”

आणि हे त्यानं मला पुढे, सगळं झाल्यावर सांगितलं: झाडाखाली बसल्यावर उग्येन त्याला म्हणाला होता, “फेकायला हवं होतंस रे तू.”

तीन दिवसांनी, दुपारी, मी अंगणात मिरच्या वाळत घालत होतो. उग्येन फाटकाशी आला. वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा.

“मामा, सुगम आहे?”

सुगम आत होता. मी म्हणालो, “नाही. आणि त्याच्या परीक्षा आहेत बाबा. आता नको.”

“दोन मिनिटंच बोलायचं होतं.”

“दसैं झाल्यावर ये की. सेलरोटी खायला ये.”

“बरं मामा.” मग म्हणाला, “पाणी मिळेल?”

मी पाणी दिलं. त्यानं उभ्यानं प्यायलं, पेला स्वतः नळावर धुतला, पालथा घातला आणि गेला. मला वाटलं, किती सोप्यात निभावलं. आपण भाच्याला जपलं. वर्षभर जे केलं नाही ते आज केलं, असंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्याखालच्या संत्र्याच्या बागेत सापडला.

त्याची आई तुमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. बातमी कळली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस. तू मला फोनवर विचारलंस, ‘खरंच हृदय का रे? एवढ्याशा पोराचं?’ मी म्हणालो, ‘हो, डॉक्टर तसंच म्हणाले.’ डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टरांनी काय लिहिलं ते पोलिसांना माहीत. आईला काय सांगायचं ते मात्र आम्ही ठरवलं: त्याची आत्या, चार शेजारी आणि मी. मी शब्दही सुचवला होता. ‘हृदय’ म्हणू, म्हणालो, म्हणजे तिला स्वतःला दोष देता येणार नाही.

ती आली, तिनं मुलाचं दहन केलं, आता एकविसाव्या दिवसाच्या पूजेसाठी थांबली आहे. बाजारात भेटेल त्याला सांगते, ‘लहानपणी धावला की दमायचा, तेव्हाच मला कळायला हवं होतं.’ दोष तिनं शोधून काढलाच.

पोलीस शाळेत येऊन गेले. गोळ्या कोण देतं हे कुणाला माहीत असेल तर सांगा, म्हणाले. सगळा वर्ग खाली बघत बसला. सुगमही. आणि त्या दिवसापासून ते उरलेले दोघे रोज शाळा सुटल्यावर आमच्या फाटकाशी उभे. आत येत नाहीत. एकदा मी ऐकलं:

“आपण शपथ घेतलीय.”

“मी नाही घेतली.”

“तू पण खाल्ल्यायस. बोललास तर पहिला तू जाशील. आणि तुझी आई तिकडे वाट बघत बसेल.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर गप्प बस ना यार. मेला तो. आता काय परत येणारंय?”

सुगम वळला. आत आला आणि हातपाय धुतले.

काल तो मला म्हणाला, “मामा, मी ठाण्यात जाणार. बसथांब्यामागचा तो माणूस अजून विकतोय. काल आठवीतली पोरं तिथे बघितली मी. त्याचं नाव सांगणार. आणि माझंही.”

“तुमचं कशाला?” मी म्हणालो. “त्याचं सांगा. चिठ्ठी लिहा, निनावी. मी टाकतो पेटीत.”

“माझं वगळून सांगितलं तर ती चहाडी झाली.”

मग मी जे केलं ते लिहितो. मी त्याला मौनाच्या माहात्म्यावर तासभर व्याख्यान दिलं. धर्म काय, आपद्धर्म काय, मातेचा शोक किती मोठा, सगळं काढलं. संस्कृतात पाहिजे ते सापडतं, शोधणारा घाबरलेला असला की लवकर सापडतं. तो ऐकत राहिला. शेवटी माझा तोल गेला आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. “अरे गाढवा, दाखला मिळणार नाही तुला! आईकडे जायचंय की नाही? दोन वर्षं ती तिकडे म्हाताऱ्यांची अंथरुणं धुतेय ती कुणासाठी? तू कोण मोठा लागून गेलास?”

तो शांतपणे म्हणाला, “मामा, तूही निशाणापाशी जाऊन उभा राहिलास की.”

दिदी, मी खाली बसलो. मग बसल्या बसल्या फाटकाची गोष्ट त्याला सांगितली. तोवर सांगितली नव्हती. ‘उग्येन आला होता, तुम्ही आत होतात, मी नाही म्हणून सांगितलं.’ त्याचा चेहरा कसा झाला ते मी इथे लिहीत नाही. मग म्हणाला, “तू त्याला घालवलंस ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. मीही कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते मला म्हणायचं होतं. समोर उभं राहून. आणि मग पाणी मी दिलं असतं.”

त्यानंतर जेवायला वाढलं ते आम्ही दोघांनी खाल्लं. काय होतं आठवत नाही.

उद्या सकाळी नऊला आम्ही जाणार आहोत. तो, मी आणि आप चेंचो. आप चेंचोंना विचारलं, ‘तुम्ही तरी त्याला थांबवा.’ त्यांनी बहिरा कान माझ्याकडे केला. पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. वय लहान म्हणून समज देऊन सोडतील. नाहीतर काही महिने कुठल्या केंद्रात ठेवतील. नाहीतर नोंद राहील, आणि डिसेंबरात तू विमानतळावर ज्याला घ्यायला येणार होतीस तो येणार नाही. त्याच्या पुढच्या डिसेंबरातही कदाचित नाही. मी त्याला विचारलं, हे आईला कोण सांगणार. म्हणाला, “तू सांग. ती रडली तर माझा हात हलेल.”

आता पत्राचं कारण. फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, ‘त्याला दे.’ मी दिला असता. तू रडली असतीस, आणि तो गेला नसता. म्हणून निरौलांची सून. हे तुझ्या हाती पडेल तोवर शनिवार उजाडलेला असेल. तुझ्या मुलाबद्दलची एवढी मोठी गोष्ट तुला न विचारता होऊ दिली, हा अपराध मी जाणून करतो आहे. तुला माफ करणं जमणार नाही, जमवूही नकोस.

उग्येनच्या आईला काय सांगायचं ते सुगम म्हणतो तो स्वतः सांगेल. मी बरोबर जाईन म्हणालो. ‘हृदय’ हा शब्द माझा होता, तो मीच मागे घ्यायला हवा.

एवढं लिहून झालं, आणि जे लिहायला बसलो होतो ते अजून राहिलंच आहे. मला सुगमची भीती वाटत नाही. तो नीट बोलेल. मला माझी भीती वाटते. उद्या ठाण्याच्या पायरीवर मी त्याचा हात धरून ‘चल, घरी जाऊ’ म्हणेन, अशी. आणि सगळा गाव ओरडत असताना ज्याचा खांदा हलला नाही, तो माझं ऐकेल, अशी. कारण त्याचा माझ्यावर जीव आहे.

ज्याच्या स्वाधीन तू मुलगा केलास, तो तुझा धाकटा,
टंकनाथ